आत्याबाईच्या मिशा

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गाला म्हणी आणि वाक्प्रचार शिकवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येते. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते’ ही म्हण फळ्यावर लिहिली, की वर्गात हटकून खसखस पिकते. मी मग गंभीर चेहऱ्याने सांगते, की ज्या गोष्टीला मुळात आधारच नाही तिच्यावर जर-तरचे इमले रचू नयेत, असा या म्हणीचा आशय, संकेतार्थाचे हे उत्तम उदाहरण, परीक्षेला येण्याजोगे. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “मॅडम, पण आत्याबाईला खरंच मिशा असल्या तर?”

वर्ग हसला. मीही हसले. आणि हसता हसता माझा हात आपसूक हनुवटीवर गेला.

माझ्या हनुवटीवर 17 केस आहेत. डावीकडे 8, उजवीकडे 9. हा आकडा अंदाजाने सांगत नाही; तो मोजून वहीत लिहिलेला आहे, आणि ती वही कशी सुरू झाली तेच आज सांगणार आहे. दिवाळीच्या अंकात एका प्राध्यापिकेने आपल्या हनुवटीविषयी लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण घरोघरी उटणे भिजवण्याचे हे दिवस. तेव्हा उटण्याने काय जाते आणि काय जात नाही, हेही एकदा कुणीतरी लिहायला हवे.

म्हणीतली आत्याबाई आमच्या घरातच होती. वाईला आमचे जुने घर. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, तिथेच राहायची, अजून राहते. गावातल्या शाळेत तिने तीसेक वर्षे गणित शिकवले. तिचे लग्न झाले नाही. का झाले नाही, असे आम्ही मुलांनी विचारले, की “पत्रिका जुळली नाही” असे ठरलेले उत्तर मिळे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही वाईला जात असू, तेव्हा दुपारी सगळे निजले, की आत्या न्हाणीघराच्या खिडकीशी हातातला छोटा आरसा घेऊन बसे. शेजारी करवंटीत बंबातली चाळलेली राख. चिमटीला राख लावायची आणि ओठावरचा, हनुवटीवरचा एकेक केस उपटायचा. राखेने चिमूट घसरत नाही, एवढाच तिचा गुण. एकदा मी दाराआडून पाहत होते. तिने मला आरशातच पाहिले आणि आरसा पालथा घातला. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. त्यावर आम्ही दोघी पुढे कधीही बोललो नाही.

एकोणिसाव्या वर्षी माझ्या हनुवटीवर पहिला राठ केस आला, तेव्हा मला तो पालथा आरसा आठवला. आत्याला एखादे पत्र लिहून विचारावे, असे मात्र सुचले नाही. मी माझे प्रयोग सुरू केले. प्रयोग आपले म्हणायचे. पहिल्याने डाळीचे पीठ, हळद आणि साय. सुकले, की बोटांनी उलट्या दिशेने चोळून काढायचे. सहा महिने नेमाने केले. चेहरा उजळला असे शेजारच्या काकू म्हणाल्या. केस होते तिथेच होते. मग कच्च्या पपईचा गर. मग ब्लीच; त्याने केस सोनेरी झाले आणि माझ्या गव्हाळ हनुवटीवर उन्हात जास्तच चमकू लागले. रेझरला मात्र हात लावायची छाती नव्हती. एकदा का पाते फिरले, की पुरुषासारखी दाढी उगवते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

2003 साली मला पाहायला आलेल्या मंडळींतल्या एका मावशींनी निघताना आईच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल अशा बेताने सांगितले, “मुलीला जरा डाळीचं पीठ लावत जा म्हणावं.” त्या स्थळाकडून आठ दिवसांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला. पत्रिका आम्ही त्यांना दिलीच नव्हती.

(त्याच वर्षी माझे लग्न झाले, दुसरीकडे. यजमानांचा चष्मा जाड आहे, हा केवळ योगायोग.)

डाळीच्या पिठावरची आपली ही श्रद्धा येते कुठून, याचा मी पुढे विचार केला. माझी समजूत अशी, की ती बाळंतिणीच्या खोलीतून येते. बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून मालिशवाल्या बाई तेल-हळदीत मळलेला कणकेचा गोळा त्याच्या पाठीवर, कपाळावर फिरवतात. दोन-तीन महिन्यांत लव जाते आणि श्रेय गोळ्याला मिळते. वास्तविक ती लव जन्मापासूनच जायच्या वाटेवर असते. काही न करताही ती गळते. आमच्या मनूच्या वेळी मावशींनी रोज गोळा फिरवला. शेजारच्या बिऱ्हाडात त्याच महिन्यात झालेल्या बाळाला कुणीच फिरवला नाही. चार महिन्यांनी दोघांच्याही पाठी सारख्याच तुळतुळीत! दोन बाळे एकाच चटईवर निजलेली असूनही मला त्यातले इंगित कळले नाही, कारण मी ज्या बाळाला गोळा फिरवला होता त्याच्याकडेच पाहत होते.

कुसुंब्याच्या तेलाची कथा तर मला सांगायलाही लाज वाटते. थनाका, म्हणजे ब्रह्मदेशातल्या बायका गालांना लावतात ती झाडाच्या सालीची पूड, आणि कुसुंब्याचे तेल, यांचा लेप शंभर दिवस लावला की केस कायमचे जातात, असे मला एका सहकारी बाईंनी अगदी हलक्या आवाजात सांगितले. एवढीशी बाटली, पण किंमत पाहून वाटले, की एवढे महाग आहे त्या अर्थी गुण असणारच. शंभर दिवस लावले. शंभराव्या दिवशी नव्हे, त्यानंतर कितीतरी दिवसांनी, वर्गात ‘कुसुंबी’ रंगाचा अर्थ सांगताना माझी जीभ मध्येच अडखळली. कुसुंभ म्हणजे करडई! तिच्या फुलांचा रंग तो कुसुंबी. म्हणजे मी घरातल्या तेलाच्या डब्यातलेच तेल परगावाहून बाटलीत मागवून तोंडाला फासत होते. आमच्या तीन पिढ्या करडईच्या तेलातले तळलेले खात आल्या आणि तेलाचेच हात चेहऱ्याला पुसत आल्या. कुणाची लव गेल्याचे ऐकिवात नाही. मराठीची एम. ए. झालेली बाई, पण आरशासमोर उभी राहिली, की शब्दकोश विसरते.

हे सगळे मी कडी लावून केले. घरात कुणाला सांगितले नाही, मुलीला तर नाहीच. एक चिमटा माझ्या पर्समध्ये असे, एक कपाटात, एक कॉलेजच्या खणात उत्तरपत्रिकांखाली. दर तिसऱ्या दिवशी पहाटे पाच मिनिटे. त्यामुळे दिवसभर माझा चेहरा स्वच्छ दिसे, आणि त्याचाच घात झाला.

गेल्या वर्षी डिसेंबरात मनूच्या कॉलेजचे स्नेहसंमेलन होते. मनू सतरा वर्षांची, बारावीला, शास्त्र शाखेला. आदल्या दिवशी संध्याकाळी ती न्हाणीघरात गेली ती बाहेर येईना. मी दार वाजवले. आतून रडण्याचा आवाज. दुकानातून केस काढण्याचे क्रीम आणून तिने ओठावर लावले होते. डबीवर लिहिले होते दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका. जास्त ठेवले तर मुळापासून जातील, अशा हिशेबाने तिने पंचवीस मिनिटे ठेवले. ओठाच्या वरची पट्टी लालभडक झाली होती, आणि एका कोपऱ्यात कातडी सोलवटली होती. नळाखाली धरून तिचा चेहरा मी किती वेळ धूत राहिले, कोण जाणे. संमेलन बुडाले. नाटकात तिचे काम होते. ते दुसरीने केले.

रात्री ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी म्हटले, “मला आधी विचारायचं नाहीस का?” ती म्हणाली, “तुला काय विचारू, आई? तुला नाही कळणार. तुझा चेहरा किती स्वच्छ आहे.”

इतकी वर्षे जपलेल्या गुपिताचे हे फळ! मी उठून दिवा लावला, तिच्या हातात माझा जवळचे वाचण्याचा चष्मा दिला आणि म्हटले, “बघ.” तो तिसरा दिवस होता. तिने बोट लावून पाहिले. मग दुसरीकडे पाहिले.

“कधीपासून?”

“एकोणिसाव्या वर्षापासून.”

“आणि तू मला हे आज सांगतेस?”

यावर मला उत्तर नव्हते, आणि अजूनही सापडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मनूने तिच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातून मला समजावले. या क्रीममध्ये बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो, आणि सोबत चुन्यासारखा तीव्र अल्क. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्यातले धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. क्रीम ते दुवे तोडते, केस लिबलिबीत होतो आणि पुसून निघतो. तो कुजका वास येतो तो गंधकाचाच. पण कातडीच्या वरच्या थरातही केराटिनच आहे! केस आधी शरण येतो, कातडी थोडी नंतर. मधली जी काही मिनिटे आहेत तेवढीच आपली. मूळ तर कातडीच्या खाली खोल असते, तिथवर क्रीम पोचतच नाही. म्हणून आधी दंडावर थोडेसे लावून एक दिवस थांबावे आणि घड्याळ समोर ठेवावे. हे सगळे डबीवर बारीक अक्षरात छापलेले होते. बारीक अक्षर वाचायचे ते आईने. आई कडी लावून बसलेली.

मग मीही माझ्या पुस्तकांत डोके घातले. सुश्रुतसंहितेत जखमेवरच्या साठ उपचारांत केस काढण्याचाही एक उपचार आहे, आणि त्याचा लेप असा: शंखाचे चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या शुक्तात वाटून लावायचे. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचे पिवळेधमक खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकले, की लेखक त्यावर हरताळ लावून ते झाकत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. (दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. तो हाटाला ठोकलेल्या टाळ्यावरून आला.) मी हा वाक्प्रचार वीस वर्षे शिकवते आहे, पण जे पिवळे खनिज पोथीतली अक्षरे पुसते तेच अंगावरचे केसही पुसते, हे मला माहीत नव्हते. पश्चिम आशियातल्या हमामखान्यांतही हरताळ आणि कळीचा चुना यांचा लेप पूर्वी वापरात होता. केस विरघळवण्याचे काम गंधक आणि चुना करीत. सोमलाचे विष वर फुकट.

त्याहून भयंकर प्रकार विसाव्या शतकातला आहे. 1930 च्या सुमारास अमेरिकेत ‘कोरेमलू’ नावाचे मलम निघाले. त्यात थॅलियम अॅसिटेट होते. थॅलियम म्हणजे उंदीर मारण्याचे विष. केस जात, यात शंका नाही. पण डोक्यावरचेही जात, पायांच्या नसा दुखावत, चालणे अवघड होई, काहींची दृष्टी गेली. नुकसानभरपाईच्या दाव्यांनी ती कंपनी 1932 साली बुडाली. अशा घातक वस्तूंचे एक प्रदर्शनच तिथल्या सरकारी खात्याने 1933 साली मांडले होते आणि ते ‘भयदालन’ म्हणून गाजले. सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत यायला मात्र 1938 साल उजाडले. मला वाचताना सारखे वाटत होते, की पाय जड पडू लागल्यावर यातल्या किती बायकांनी डॉक्टरांना खरे सांगितले असेल? तोंडाला काय लावता, असे डॉक्टर विचारणार नाहीत. आणि विचारले नाही, तर सांगणार कोण?

ओठाची जखम भरल्यावर मनूला त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे नेले. मलम विचारायला गेलो होतो. बाईंनी मलमाचे नाव न काढता आधी पाळीची चौकशी केली. मग एक तक्ता काढला. 1961 साली इंग्लंडमध्ये फेरीमन आणि गॅलवे यांनी स्त्रियांच्या अंगावरील केस मोजण्याची पद्धत बसवली, तिचा हा सुधारलेला नमुना. ओठ, हनुवटी, छाती, पाठ, पोट, दंड, मांड्या असे शरीराचे नऊ भाग. प्रत्येकाला शून्यापासून चारपर्यंत गुण. एकूण 36.

“36 गुण?” मी म्हटले. “हे पत्रिकेतलंच झालं.”

बाई हसल्या. “फरक एवढाच, की इथे जितके कमी जुळतील तितकं बरं.”

साधारण 8 गुणांपासून पुढे लक्ष घालायचे असते. मनूला 9 मिळाले. माझ्या आयुष्यात मुलीला कमी गुण पडावेत असे वाटण्याचा हा पहिलाच प्रसंग. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. हार्मोनचा समतोल थोडा ढळलेला होता. त्याला पीसीओएस म्हणतात आणि तो पुष्कळ मुलींत आढळतो. त्याचे उपचार निराळे सुरू झाले आणि पाळी मार्गाला लागली. बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली. केस हळूहळू वाढणे वेगळे. पण थोड्या महिन्यांत भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर एक दिवसही घालवू नये, कारण त्याचे मूळ कधीकधी आत, गंभीर असते. डाळीचे पीठ लावत बसलेल्या मुलीला हे कोण सांगणार?

रेझरची माझी भीतीही त्यांनी दोन वाक्यांत मोडीत काढली. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली पुरुषांच्या दाढीचे केस तोलून-मोजून दाखवले होते, की दाढी केल्याने केस ना दाट होतो ना जाड. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते हाताला टोचते, एवढेच. 1928! आणि मी नव्वदहून अधिक वर्षांनंतरही पात्याला घाबरून चिमट्याने हनुवटी तासत होते.

शेवटी मलमाचा विषय निघाला. इफ्लॉर्निथिन हे त्या औषधाचे नाव, आणि त्याची कुळकथा एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. मुळात ते कर्करोगावर चालेल म्हणून तयार झाले. तिथे फारसे चालले नाही. मग आफ्रिकेतल्या निद्रारोगावर लावून पाहिले. त्सेत्से माशीच्या दंशाने होणाऱ्या या रोगात माणूस अखेरीस गुंगीत बुडतो आणि मरतो. असे बेशुद्ध रोगी या औषधाने उठून बसले. त्याला ‘मेलेल्याला उठवणारे औषध’ असे नाव पडले. 1990 साली अमेरिकेत त्या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पण रोगी पडले गरीब. नफा नाही, म्हणून पुढे त्याचे उत्पादनच थांबले. दरम्यान असे लक्षात आले होते, की केसाच्या मुळाशी पेशींची वाढ चालू ठेवणारे एक विकर हेच औषध रोखून धरते. 2000 साली स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केसांसाठी त्याच्या क्रीमला मान्यता मिळाली. म्हणजे बायकांच्या हनुवटीसाठी औषध आहे आणि मरणाऱ्या माणसासाठी नाही, असा देखावा झाला! डॉक्टरांच्या स्वयंसेवी संघटनांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर आवाज उठवला, आणि 2001 मध्ये निर्मात्या कंपनीने रोग्यांसाठी ते पुन्हा पुरवण्याचे मान्य केले. ती लहानशी नळी हातात घेताना मला थोडे अपराधी वाटले, हे कबूल करते.

मनू बारावीची. तिने विचारले, “हे खरंच चालतं, हे कशावरून?” मला हा प्रश्न सत्तावीस वर्षांत सुचला नव्हता. बाईंनी सांगितले, की सुमारे सहाशे स्त्रियांवर चोवीस आठवडे चाचणी झाली. काहींना औषधाचे क्रीम, काहींना औषध नसलेले तेच पांढरे क्रीम. कुणाला कोणते, हे ना बायकांना ठाऊक ना तपासणाऱ्यांना. औषधवाल्यांपैकी 32 टक्क्यांना चांगला गुण आला. आणि नुसते क्रीम लावलेल्यांपैकीही 8 टक्क्यांना आला!

हे 8 टक्के ऐकून माझ्या डोळ्यांसमोर कणकेचा गोळा उभा राहिला.

मनूचा ओठ अजून नाजूक होता, तेव्हा आधी मी लावून पाहावे असे ठरले. बाईंनी माझी हनुवटी तपासून मलाही तेच लिहून दिले. घरी आल्यावर मनूने कुंकवाच्या दोन रिकाम्या डब्या धुऊन पुसून घेतल्या. एकीत औषध, दुसरीत साधे पांढरे क्रीम भरले. झाकणांवर चिकटपट्टी लावून ‘क’ आणि ‘ख’ लिहिले. ‘क’ डावीकडे, ‘ख’ उजवीकडे. कशात काय, हे तिलाच ठाऊक. दिवसातून दोनदा, मध्ये निदान आठ तास, लावल्यावर चार तास धुवायचे नाही. केस काढणे चालूच ठेवायचे, कारण हे औषध केस काढत नाही, त्याचा वेग कमी करते. दर रविवारी सकाळी गॅलरीत उजेडाकडे तोंड करून मी बसायचे आणि मनूने भिंग घेऊन मोजायचे, चिमट्यात येण्याजोगे केस किती. आकडे वहीत. पहिला रविवार: डावीकडे 8, उजवीकडे 9.

आमचे हे पहिल्या रविवारी वर्तमानपत्र खाली करून बघत राहिले. मी सगळे सांगितले. ते म्हणाले, “हो, ते मला दिसतात की कधीकधी. मला वाटलं, तुला बोललेलं आवडणार नाही.” आणि पुन्हा वर्तमानपत्र वर! त्या जाड चष्म्याविषयी मी वर जे लिहिले ते मागे घेते.

खरे सांगायचे तर मी चाचणीत लबाडी करू पाहत होते. दोन आठवड्यांतच माझी खात्री झाली, की औषध ‘ख’ मध्येच आहे. ‘ख’ लावले, की कशी बारीक चुणचुण होते! उजवी बाजू मऊही लागते! एकदा उजवीकडचे दोन केस मी रविवारच्या आधी हळूच काढून टाकले, मनूने भिंगातून पाहिले आणि “आई, कॉपी करतेस?” असे माझ्याच आवाजात विचारले. परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून मी हे वाक्य वीस वर्षे म्हणत आले आहे. तो आठवडा तिने बाद धरला आणि मोजणी एक रविवार पुढे नेली.

आठव्या मोजणीला उजवीकडे 9 आणि डावीकडे 5. उरलेले पाचही आधीपेक्षा बारीक. तिने चिकटपट्ट्या काढल्या. औषध ‘क’ मध्ये होते. ज्या ‘ख’ वर माझी भक्ती बसली होती तिच्यात नुसते पांढरे क्रीम! औषधाने केस गेले नाहीत. पण दर तिसऱ्या दिवसाऐवजी आठवड्यातून एकदा चिमटा पुरू लागला. लावायचे थांबवले, की साधारण आठ आठवड्यांत सगळे पूर्ववत होते, असे बाईंनी आधीच सांगितले होते. मी मुद्दाम थांबवून पाहिले. तसेच झाले. मनूने आपल्यापुरता निर्णय घेतला: पाळीची औषधे नेमाने घ्यायची, आणि ओठाला पाते किंवा दोरा, जे त्या दिवशी सोयीचे असेल ते. मलम नको, रोज दोनदा कोण लावत बसणार. मी मात्र ते पुन्हा सुरू केले आहे, आता दोन्ही बाजूंना. पर्समधला चिमटा काढून टाकला. कॉलेजच्या खणातला आहे अजून.

यंदा गणपतीत आत्या वाईहून आली. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दुपारची जेवणे झाल्यावर मोदकांनी सुस्तावून आम्ही तिघी पंख्याखाली पडलो होतो. मनूला काय वाटले कोण जाणे. उठून तिने ती वही आणली आणि आत्याच्या हातात दिली. आत्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, गणिताच्या वह्या तपासाव्यात तशी ती वाचली. ‘क’, ‘ख’, तारखा, आकडे. बाद धरलेल्या आठवड्यापाशी थोडी थांबली. मी छताकडे बघत होते.

“अशी मीही एक केली होती,” आत्या म्हणाली.

“काय, आत्याआजी?”

“वही. उजवीकडे राख लावून उपटायचे आणि डावीकडे नुसती हळद चोळायची. सहा महिने. हळदीनं काही होत नाही गं. एक केस कमी झाला नाही. 1966 साल ते. मी वीस वर्षांची होते.”

“मग कुणाला सांगितलंस का?” मी विचारले.

“कुणाला सांगणार? वही बंबात घातली.”

कुणीच काही बोलले नाही. मग मनूने वही तिच्या मांडीवरून घेतली, नवे पान उघडले, पट्टीने मधोमध एक रेघ मारली, आणि एका बाजूला ‘राख’ व दुसऱ्या बाजूला ‘हळद’ असे लिहून म्हणाली, “सांग, आत्याआजी. आठवतील तेवढे आकडे सांग.”